मेजर स्केल बोटांना पाठ झाली पण तिच्यातून गाणं निघत नाही, काय चुकतंय?

पाचोऱ्याचा_सहातारी

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

अकौस्टिक गिटार घेऊन आठ महिने झाले. जी, सी, डी, ई मायनर हे कॉर्ड जमतात, एफ अजून खडखडतो पण ते जाऊ द्या. चार महिन्यांपूर्वी एका क्लासला गेलो होतो तिथं सरांनी दुसऱ्याच दिवशी एक झेरॉक्स हातात दिली, मेजर स्केलच्या पाच पोझिशन, सगळे काळे गोल, आणि म्हणाले पुढच्या आठवड्यापर्यंत पाठ कर. मी केली. म्हणजे पहिली पोझिशन तर आता डोळे मिटून वाजवू राहिलो, तिसऱ्या फ्रेटवरून (म्हणजे गिटारच्या गळ्यावरचं तिसरं घर), वर-खाली, स्पीडमध्ये. पण त्यातून गाणं एक निघत नाही. नुसता जिना चढतो आणि उतरतो.

खरी फजिती एकादशीला झाली. आमच्या गल्लीत आईचं महिला भजनी मंडळ आहे, पेटीवर आमचे आबा. मी गिटार घेऊन बसलो हौसेनं. आबा म्हणे, "काळी चार धर." मी विचारलं, काळी चार मेजर का मायनर? सगळ्या बायका हसल्या आणि आबा म्हणे, "अरे भो, स्केल विचारू राहिला का राग?" मला आजपर्यंत कळलं नाही की मी नेमकं काय चुकीचं विचारलं.

तर प्रश्न असे. एक, हे काळी चार प्रकरण गिटारवर कुठं असतं. दोन, सी मेजरमध्ये सगळे साधे सूर आणि जी मेजरमध्ये मध्येच एफ शार्प कुठून येतो, सर म्हणे "तसं असतं". तीन, रोज अर्धा तास मिळतो त्यात काय करू. श्रावणात कानबाईच्या (आमच्या खान्देशातल्या देवीच्या) रात्री मंडळाबरोबर निदान दोन गाणी वाजवायची आहेत, तोवर जमेल का?

---

अमळनेरची_पेटी

तुझं हसू झालं त्यात तुझी चूक नाही, शब्दाचा घोळ आहे. आपल्याकडं गाणारा माणूस "माझी स्केल काळी चार" म्हणतो तेव्हा त्याला फक्त एवढंच सांगायचं असतं की माझा सा कुठं आहे. म्हणजे पट्टी. गिटारवाले स्केल म्हणतात ते सुरांच्या आख्ख्या मांडणीला. आबांनी तुला घराचा नंबर सांगितला आणि तू विचारलं घर किती खोल्यांचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आता मांडणी. मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर, जे तू आबांच्या मांडीवर बसून लहानपणीच ऐकलंय, सा रे ग म प ध नि सां. नवीन काहीच नाही. यात ध्यानात ठेवायची गोष्ट एकच, ग आणि म हे सख्खे शेजारी आहेत, नि आणि वरचा सां हे पण सख्खे शेजारी, बाकी सगळ्यांच्या मध्ये एक घर मोकळं. गिटारवर मोजलं तर सा पासून २-२-१-२-२-२-१ फ्रेट. झाली मेजर स्केल. त्या झेरॉक्सवरचे सगळे काळे गोल यातूनच निघतात.

एफ शार्प "तसं असतं" म्हणून येत नाही. पेटीवर पांढरी एक म्हणजे सी. तिथून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजव, बरोबर बिलावल येतो, कारण ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टीच नाही आणि ते नेमके ग-म आणि नि-सां च्या जागी पडतात. आता सा उचलून पांढरी पाचवर म्हणजे जी वर ठेव आणि पुन्हा नुसत्या पांढऱ्याच वाजव. सगळं ठीक जाईल पण शेवटी नि कोमल म्हणजे एक घर खाली लागेल, कानाला लगेच कळतं. नि ला सां च्या शेजारी आणायचं तर एफ सोडून त्याच्या वरची काळी घ्यावी लागते, तीच एफ शार्प. दुसऱ्या भाषेत, जुन्या सप्तकाचा प हा नवीन सा केला, की जुना म तीव्र होतो आणि नवीन नि बनतो. मग डीला सा केलं की अजून एक शार्प वाढतो, एला अजून एक. पाठ करायची गरज नाही, प वर प चढत जायचं फक्त.

काळी चार म्हणजे जी शार्प. तुझी पोझिशन तिसऱ्या फ्रेटवर आहे ना, ती जी ची आहे. एक फ्रेट पुढं सरकव, आली काळी चार. खरंच एवढंच.

---

बेन्जोवाला_धुळे

भो, मी तुले सांगस, ती झेरॉक्स आधी पेटीत ठेवी दे.

मी लग्नाच्या बँडमध्ये बेन्जो वाजवतो, बारा वर्षं झाली. आमचा बेन्जो म्हणजे टाइपरायटरसारखी बटनं आणि खाली ताणलेल्या तारा, बटन दाबलं की तार तिथं दाबली जाते, म्हणजे सगळा खेळ उभ्या लांबीतच. पोझिशन बिझिशन काही नाही. तरी वरातीत कोणी गाणं ओरडलं की अर्ध्या मिनिटात काढावं लागतं, नाहीतर नवरदेवाचे मित्र सोडत नाहीत.

तू पण तेच कर. गिटारची पहिली तार घे, सगळ्यात बारीक. मोकळी तार सा. मग दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नि आणि बाराव्यावर, जिथं दोन टिपके असतात तिथं वरचा सां. तिथं तार बरोबर अर्धी होते म्हणून तोच सूर दुप्पट चढा येतो. आता याच्यावर शाळेतली प्रार्थना काढ. बोट चुकेल, चुकू दे, एक घर पुढं-मागं करून शोध. आठ दिवस नुसतं हेच. एका तारेवर हात सरकवताना ग-म जवळ आहेत हे बोटाला दिसतं, बॉक्समध्ये, म्हणजे तुझ्या त्या झेरॉक्सवरच्या पोझिशनमध्ये, ते दिसतच नाही कारण मध्येच तार बदलते.

बाकी थेअरी अमळनेरच्या भाऊनी सांगितली ती चांगली शे, मले अर्धीच समजनी.

---

भुसावळ_जंक्शन

बेन्जोवाल्याशी सहमत पण एका तारेवर आयुष्य काढता येत नाही, बॉक्स लागतोच. मी लोको शेडमध्ये नोकरीला, शिफ्ट संपली की वाजवतो, वीस वर्षं झाली असतील. माझंही पहिलं वर्ष जिना चढण्यातच गेलं.

बॉक्स पुन्हा एकदा नीट बघ, काळी चारमध्ये. सहावी तार (जाड) ४, ६. पाचवी तार ३, ४, ६. चौथी तार ३, ५, ६. मधलं बोट चौथ्या फ्रेटवर सा वर, करंगळी सहाव्यावर. मग पाचव्या तारेवर तर्जनी, मधलं, करंगळी. चौथ्या तारेवर तर्जनी, अनामिका, करंगळी. हात हलत नाही, प्रत्येक फ्रेटला एकेक बोट नेमून दिलेलं. बरेच जण करंगळी वाचवतात आणि अनामिकेनं ओढून नेतात, तिथंच पुढं अडकतात. करंगळी दुखेल, दुखू दे.

आणि हे वाजवताना प्रत्येक वेळी तोंडानं सूर म्हण. चार-सहा-तीन-चार असं नाही, सा रे ग म. तुला फ्रेटचे आकडे पाठ झालेत, सूर पाठ झालेले नाहीत. परीक्षा सोपी आहे, मी तुला आत्ता म्हटलं "ध वाजव" तर सा पासून मोजत न येता बोट थेट पडलं पाहिजे. (पाचव्या तारेनंतर चौथ्या तारेचा पहिला सूर, तिसरा फ्रेट.)

सरळ वर-खाली वाजवणं आजपासून बंद. अलंकार वाजव, पेटीवाल्या पोरांना शिकवतात तेच. सारेग, रेगम, गमप, मपध. मग साग, रेम, गप, मध. मोबाईलवर मेट्रोनोम ६० ला लाव, एका ठोक्याला एक सूर. कंटाळा येतो पण हाताला जिन्याची सवय मोडायला दुसरा इलाज मला तरी सापडला नाही.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडं आता मे महिना, ४५ डिग्री, आणि सगळे कूलरसमोर बसून वाजवतात. कूलरची ओली हवा लाकूड पिऊन घेतं, वरची फळी फुगते, तारा उंच होतात आणि मग वाटतं माझीच बोटं कच्ची. माझी पहिली गिटार मी कूलरच्या बाजूला खिळ्याला टांगलेली, एका उन्हाळ्यात ब्रिजच्या मागं पोट आलं तिला. बारावा फ्रेट आणि जाड तार यांच्यात अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर ठीक, चार-पाच दिसलं तर आधी दुरुस्तीवाल्याकडं जा, मग स्केल. आणि बाहेरून आल्या आल्या ट्यून करू नको. उन्हात तापलेली तार ढिली पडून उतरलेली असते, खोलीत पंधरा मिनिटं राहू दे मग ट्यूनर लाव.

---

वरणगावची_ताई

दादा लोकांनी सगळं सांगितलंय, मी गाण्याच्या बाजूनं सांगते, मी मुलांना गाणं शिकवते.

सातही सूर एकदम कशाला? म आणि नि काढून टाक, सा रे ग प ध, झाला भूप राग. ढीगभर भजनं, अंगाईगीतं, लोकगीतं याच पाच सुरांत फिरतात. तुझ्या बॉक्समध्ये ते छान बसतात, प्रत्येक तारेवर दोनच सूर राहतात, सहावीवर ४ आणि ६, पाचवीवर ३ आणि ६, चौथीवर ३ आणि ६. यात खटकणारा सूर लागायची भीती फार कमी. पहिले पंधरा दिवस या पाचांत भटक, काहीही गुणगुण आणि बोटांनी शोध. मग म ला आत घे, आणि ऐक की तो ग ला कसा चिकटतो. नि सगळ्यात शेवटी.

आणि सा सतत वाजत ठेव. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप असतं, जी शार्पला लाव. सा कानात नसला तर स्केल म्हणजे नुसते सात आवाज. तुझ्या क्लासमध्ये हेच राहिलं असं मला वाटतं, सा कुठाय हे न सांगता पाच पोझिशन देणं म्हणजे स्टेशनचं नाव न सांगता टाइमटेबल हातात देणं, भुसावळच्या दादांना कळेल.

---

शिरपूर_तानसेन

भूप कल्याण थाटात येतो, बिलावलमध्ये नाही. उगीच मुलाला चुकीचं सांगू नका.

---

वरणगावची_ताई

थाट कुठला ते मी बोललेच नाही हो, म आणि नि दोन्ही वर्ज्य आहेत, तर शुद्ध म काढला काय आणि तीव्र म काढला काय, उरतात तेच पाच. त्याला कानबाईची गाणी वाजवायची आहेत, परीक्षा द्यायची नाहीये.

---

बेन्जोवाला_धुळे

शिरपूरवाल्या भाऊले जेवाले बलावा रे कोणी 😄

---

पाचोऱ्याचा_सहातारी

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहू राहिलो. एका तारेवर प्रार्थना निघाली, दोन दिवस लागले पण निघाली, आईनं स्वयंपाकघरातून ओळखली हे महत्त्वाचं. भूपवाला बॉक्स पण जमला. गिटार कूलरपासून लांब ठेवली. करंगळीचं विचारू नका.

आता नवी अडचण. आई जी गाणी म्हणते त्यातली एक चाल सा च्या खाली उतरते. मी काळी चारला सहाव्या तारेवर सा धरून बसतो आणि खाली जायला जागाच नाही, ध पर्यंत कसाबसा उतरलो, पहिल्या फ्रेटवर, त्याच्या खालचा प तर गिटारमध्येच नाही. दुसरं म्हणजे बॉक्स चौथ्या तारेवरून सुरू करून बघितला तर वरती जाऊन बेसूर होतो. तोच आकार, तीच बोटं. असं का?

---

भुसावळ_जंक्शन

दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी सुटतात. सहाव्या तारेवरचा सा सोड, तो खर्जातला आहे, बायकांच्या आवाजाखाली तो ऐकूच येणार नाही. तुझ्या बॉक्सचा शेवटचा सूर, चौथी तार सहावा फ्रेट, त्याला सा म्हण. आता मागं बघ, पाचवा फ्रेट नि, तिसरा फ्रेट ध, आणि पाचव्या तारेवर सहावा फ्रेट प. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत सगळं हाताखालीच आहे. वर जायला तिसरी तार ३, ५, ६ म्हणजे रे ग म. मग दुसरी तार ४, ६ म्हणजे प ध. पहिली तार ३, ४ म्हणजे नि सां. हात जवळपास जागेवरच राहतो.

बेसूर का होतं तर गिटारच्या तारा सारख्या अंतरावर लावलेल्या नाहीत. सहावी ते पाचवी पाच फ्रेटचं अंतर, पाचवी ते चौथी पाच, चौथी ते तिसरी पाच, पण तिसरी ते दुसरी चारच. पुन्हा दुसरी ते पहिली पाच. म्हणून कुठलाही आकार दुसऱ्या तारेवर आला की एक फ्रेट पुढं ढकलायचा. सहावी किंवा पाचवी तारेवरून सुरू केलास तर बॉक्स तसाच चालतो कारण तो तीन तारांतच संपतो, पाचवीवर चौथा फ्रेट धरला तर ती काळी एक होते. चौथीवरून सुरू केलं की दुसरी तार मध्ये येते आणि घोटाळा. ट्यून करताना सगळीकडं पाचवा फ्रेट दाबतो आणि तिसऱ्या तारेवर चौथा, ते याच्यामुळंच, कधी लक्षात आलं नसेल.

---

अमळनेरची_पेटी

आणि कॉर्ड वाजवायचे असतील तर काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लाव, तुझे जी, सी, डी तसेच चालतात. काळी एक मागितली तर कॅपो तिथंच, फक्त सी, एफ, जी वाजव. (एफ चुकवता येणार नाही रे आता.) बायका रात्री अकरानंतर पट्टी चढवतात, माझा अनुभव आहे, तयारी ठेव.

---

पाचोऱ्याचा_सहातारी

कानबाई झाली! नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर जागरण, अंगणात पाल टाकलं होतं, शंभरेक माणसं असतील. दोन गाणी म्हटलं होतं, चार वाजवली.

अमळनेरच्या भाऊचं भाकीत तंतोतंत. साडेअकराला माझी मावशी म्हणे आता काळी पाच घ्या, आणि आबांनी पेटीवर बोट सरकवलं सुद्धा. पहिल्या ओळीला मी गारद, दोन ओळी नुसता बसून राहिलो. मग डोक्यात आलं काळी चार ते काळी पाच म्हणजे दोनच फ्रेट, सा चौथ्या तारेवर सहावरून आठवर. सरकवला आणि लागला. आबांनी मान वर करून बघितलं फक्त, बोलले काही नाही, पण पुढच्या गाण्याला पट्टी सांगताना आधी माझ्याकडं बघून सांगितली.

करंगळीला घट्टा आलाय.

एकच गाणं जमलं नाही. मावशीचंच, जुनं अहिराणी. बाकी सगळे सूर बॉक्समध्ये सापडत होते पण ग लावला की दरवेळी मावशी माझ्याकडं असं बघायची की मीच खोटं बोलतोय. शेवटी वैतागून एक फ्रेट मागं दाबला तर तिथं बरोबर बसला. हे काय आहे?

---

वरणगावची_ताई

कोमल ग, मायनरची खूण तीच. एकादशीला विचारलेला मेजर का मायनर आता विचार आबांना, आता कोणी हसणार नाही. आणि त्या गाण्याचा ध आणि नि पण तपासून बघ, मग नवा धागा काढ, इथं फार लांबलंय.

---

बेन्जोवाला_धुळे

आनी मावशीनं ते गानं रेकॉर्ड करी टाक भो, मले पाहिजे.